सुट्टीतलं 'इको' हॉटेल: शिक्का बघायचा की बादली?

जुळे_सोलापूर

मे महिन्यात रत्नागिरीच्या बाजूला चार रात्री जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी आणि आई. खोलीला रोज दीड हजारापर्यंत देऊ शकतो. यंदा जागा अशी हवी, की आमच्या राहण्याचा भार तिथल्या पाण्यावर कमी पडेल. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला बरं: 'इको' नावाच्या महाग रिसॉर्टपेक्षा बादलीनं आंघोळ करायला लावणारी साधी घरगुती खोली केव्हाही चांगली, आणि ती स्वस्तही पडते.

गेल्या वर्षी डोंगरावरच्या एका रिसॉर्टला गेलो होतो. रात्रीचे साडेचार हजार. जाहिरातीत हिरवं पान, सिमेंटच्या भिंतीवर बांबूच्या पट्ट्या ठोकलेल्या. पहाटे सहाला कसल्याशा आवाजानं जाग आली. खिडकीतून बघितलं तर टँकर उभा, पाइप जमिनीतल्या टाकीत सोडलेला. त्याच टँकरच्या कडेनं खालच्या वाडीतल्या दोन बायका डोक्यावर रिकामे हंडे घेऊन उतरत होत्या. पलीकडे पोहायचा तलाव काठोकाठ भरलेला. आपल्याकडं सोलापुरात उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरवरून येतं, तेही काही दिवसांआड. घरी आई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत ओतते. तिनं विचारलं, "हे एवढं पाणी कुठनं आणतेत रे?" मला काही सांगता आलं नाही.

आता फोन लावला की भाड्याआधी पाण्याचंच विचारतो. विहीर का टँकर, सांडपाणी कुठं सोडता, आंघोळीचं पाणी कशावर तापतं, प्यायला माठ का बाटल्या. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो पटकन सांगतो.

अनुराधा_विजापूररोड

दादा, कळकळ पटली, निष्कर्ष नाही पटला. पर्यावरण म्हटलं की गैरसोय सोसायची, हे कुणी ठरवलं? माझ्या आईचे गुडघे गेलेत. एका तीर्थक्षेत्री आम्ही चारशे रुपयांच्या खोलीत उतरलो होतो. खाली बसायचा संडास, न्हाणीत शेवाळ, सोलरचं गरम पाणी आठलाच संपलेलं. दोन रात्री आई पाणीच कमी प्यायली, रात्री उठायला नको म्हणून. तिथं वीज नक्कीच कमी लागली असेल, पण ती आईनं त्रास सोसला म्हणून वाचली.

आणि स्वस्त म्हणजे हिरवं, हेही खरं नाही. स्वस्त लॉजच्या फ्लशच्या टाक्या जुन्या, एका वेळी दहा-बारा लिटर सोडणाऱ्या. आताच्या दोन बटणांच्या टाकीत तीन किंवा सहा लिटरमध्ये काम होतं. टाकी गळत असली तर रात्रभर गळते. चांगल्या हॉटेलात निदान बदलायला पैसा असतो. मुंबईचं ऑर्किड १९९७ पासून हेच काम करत आलंय, आणि ते पंचतारांकित आहे.

स्टेशनजवळचा_लॉज

मी या धंद्यातला, बावीस खोल्या आहेत. ताईंचं फ्लशचं म्हणणं खरं आहे. मी दोन वर्षांत अकरा टाक्या बदलल्या, अकरा राहिल्यात. पैसे येतील तसं करतोय.

पण गिऱ्हाईकाचीही बाजू ऐका. प्रत्येक मजल्यावर वीस लिटरचा जार आणि स्टीलचे तांबे ठेवले, तर "सीलबंद बाटली नाही का?" म्हणून तक्रार. दोन महिन्यांत बाटल्या परत आणाव्या लागल्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारी माणसं मात्र जारमधलं पाणी बिनतक्रार पितात. एसी १८ वर लावून, वर रजई घेऊन झोपणारी माणसं मी रोज बघतो. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. म्हणून रिमोटच्या पाठीवर '२४' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती सोलून काढतात.

सोलरचंही सांगतो. आपल्याकडं उन्हाला तोटा नाही, पण बोअरचं पाणी जड. नळ्यांत क्षार बसतो, वेळेवर साफ केलं नाही तर ताई म्हणतात तसं आठलाच पाणी गार. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, गिऱ्हाईकाला बरं झालं. पण त्या पाच टक्क्यांत आम्हाला खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. म्हणजे सोलर बसवा, टाक्या बदला, त्यावरचा कर आमच्याच अंगावर. छोट्या माणसानं सुधारायचं तर ते असं महाग करून ठेवलंय.

टॉवेलवाला_एमआयडीसी

अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत, हॉटेलांना माल जातो. टॉवेलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

हॉटेलवाले आता ५०० जीएसएमच्या खाली बोलत नाहीत. म्हणजे एका चौरस मीटरला पाचशे ग्रॅम सूत. तीस बाय साठ इंचाचा आंघोळीचा टॉवेल भरतो साडेपाचशे ग्रॅमच्या वर. ३०० जीएसएमचा घेतला तर साडेतीनशेच्या आत. अंग दोन्हीनं सारखंच कोरडं होतं. जाड टॉवेलवरचे सुताचे फुगीर फासे पाणी धरून ठेवतात. धुवायला जास्त पाणी, पिळायला जास्त वेळ, आणि पावसाळ्यात वाळवायला ड्रायर. पांढराच हवा म्हणून ब्लीच मारतात, त्यानं सूत कच्चं होतं, काठ आधी फाटतो. महिन्या-दोन महिन्यांत परत ऑर्डर येते. माझा धंदा होतो, पण मन लावून विणलेला माल पोतेऱ्याला गेलेला बघवत नाही.

तुम्ही एवढंच करा. चार रात्री राहणार तर टॉवेल खुंटीला अडकवा, जमिनीवर टाकू नका. आणि "रोज बदलू नका" असं पहिल्या दिवशीच तोंडानं सांगा. दारावरची पाटी झाडलोटीला येणाऱ्या बाईंना वाचता येईलच असं नाही.

भीमाकाठ

सगळे खोलीतच अडकलात. जायचं कसं ते बघा.

सोलापूर ते रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन सातशे. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर ४७ लिटर पेट्रोल. लिटरमागं सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०५ ते ११० किलो. एसीची एक रात्र धरा आठ युनिट. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, तिला युनिटमागं सरासरी सुमारे ०.७ किलो. चार रात्री मिळून वीस-बावीस किलो. आता सांगा, बादली मोठी का पेट्रोलची टाकी?

कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरज मार्गे रेल्वेनं कोल्हापूर, तिथून एसटीनं घाट उतरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. वाचलेल्या पैशात खोली जरा बरी घ्या, अनुराधाताईंचा प्रश्नही तिथंच सुटतो.

अनुराधा_विजापूररोड

नाही सुटत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फलाटाचे जिने, मग एसटीची उंच पायरी, मे महिन्याच्या उन्हात. हिशेब बरोबर आहे तुमचा, पण त्यात म्हातारं माणूस बसवून बघा.

जुळे_सोलापूर

भीमाकाठ, आकडे मान्य. गाडीचा विचार मी केलाच नव्हता. पण एक खटकलं. कार्बन हवेत पसरतो, पाणी त्याच गावाच्या विहिरीतून जातं. टँकरच्या कडेनं गेलेल्या त्या बायकांचा हंडा माझ्या पेट्रोलच्या हिशेबात कुठं मांडायचा?

अनुराधाताई, कमोड नसलेली जागा मीही घेणार नाही. आईचं वय बहात्तर आहे. माझं म्हणणं एवढंच, की सोय म्हणजे तलाव आणि शॉवर नव्हे. कमोड, पकडायला दांडी, तळमजला, एवढं दीड हजारात मिळायला हवं. दापोलीकडं एका घरात मिळालं होतं, बाराशेत. न्हाणीचं पाणी पाटानं केळीला, तिथून अळवाला. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात, नारळाच्या सोडणांवर.

माळढोक

बंबाचा धूर चालतो का तुम्हाला? मी नान्नजच्या बाजूचा, चुलीवर वाढलोय. आईचा खोकला बघितलाय. पाहुण्यांना धुराचा वास छान वाटतो, पण तो बंब पहाटे पाचला पेटवणारी बाई कोण? तिला त्या बाराशेतले किती मिळतात, हा प्रश्नही तुमच्या फोनवरच्या प्रश्नांत घाला.

हिरव्या पानाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. बुकिंग डॉट कॉमवर 'ट्रॅव्हल सस्टेनेबल' असा शिक्का असायचा. नेदरलँड्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं तो दिशाभूल करणारा असू शकतो म्हटल्यावर २०२४ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. बाहेरच्या कुणी तपासून दिलेलं प्रमाणपत्र असेल तरच विचारात घ्यावं, आणि छोट्या घरगुती जागांना ते परवडत नाही. राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी निवास योजनेत नोंद असलेली घरं निदान शोधता येतात, तिथून सुरुवात करा.

जुळे_सोलापूर

बंबाचं बोललात ते मनाला लागलं. तिथं तीन दिवस राहिलो आणि पेटवणाऱ्या वहिनींना नाव विचारण्यापलीकडं काही विचारलं नाही.

काल तीन जागांना फोन केले. एकाला पाणी कुठलं तेच सांगता आलं नाही. दुसऱ्याकडं सगळं होतं, खोली वरच्या मजल्यावर. तिसऱ्या घरी तळमजला, कमोड, सोलर, खोलीला चौदाशे. विहीर आहे, पण बाई स्वतःहून म्हणाल्या, "मे अखेरीस खाली जाते, तुम्ही पंधरा तारखेच्या आत या." तेच घेतोय. आईसाठी जाताना गाडीच काढावी लागेल, मात्र चौघांऐवजी पाच जण बसतोय, मावशीपण येतेय. तिथं पोचल्यावर फिरायला एसटी.

टॉवेल घरूनच नेतोय, पाच पंचे. वाऱ्यावर अर्ध्या तासात वाळतात.