प्रति: उन्हाची सवय
वर कोणीतरी लिहिलंय, ‘आपण वऱ्हाडातले, उन्हातान्हात राबणारे, अलंग-मदन-कुलंग काय जड जाणार?’ सह्याद्रीतल्या या तीन लागून असलेल्या किल्ल्यांच्या चढापुरतं पटलं बाप्पा, पण उतार? आम्ही चौघं परतवाड्याहून गेलो होतो. सराव म्हणजे रविवारी घाटाखालच्या धामणगाव गढीहून चिखलदऱ्याला पायी चढायचं अन् येताना एसटीनं खाली. तिथंच घोळ झाला.

अलंग-मदनचे कातळटप्पे दोरावर निभले, जाणते सोबत होते. कुलंगची ती न संपणारी चढणही झाली. पण पायथ्याच्या आंबेवाडीकडे उतरताना गुडघ्यांनी मान टाकली, बोटं बुटाच्या टोकाला आदळून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. त्यातलं एक कापूस वेचायच्या दिवसांत गळालं. तेव्हा सरावात घाट पायीच उतरा, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून. अन् नखं आधी कापा.