मदत हवी आहे : मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये झोपून राहिली, पुढे काय करू?

गेल्या सोमवारची गोष्ट. लिहिताना अजून हात थरथरतोय, तरी सगळं सांगते. अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. सकाळी व्हॅन नेते, दुपारी एकला सोडते, सासूबाई गेटवर थांबतात. सोमवारी तिला उठायला उशीर झाला म्हणून नवऱ्याने स्कूटरवरून शाळेत सोडलं. "दुपारी येताना व्हॅनने येईल" हे ग्रुपवर टाकायचं राहून गेलं. ही आमची चूक, ती मी आधीच कबूल करते.

शाळा सुटल्यावर ती रोजच्यासारखी व्हॅनमध्ये चढली, मागच्या सीटवर बसली आणि दप्तरांच्या ढिगाला टेकून झोपली. व्हॅन चालवणारे काका तेव्हा बालवाडीतल्या मुलांना आणायला गेटच्या आत गेले होते. मुलं मोजली कोणी नाहीत. आमच्या गेटवर व्हॅन आली, बी विंगमधली दोन मुलं उतरली. काका सासूबाईंना म्हणाले, "आजी, तुमची आज नाहीये ना?" सासूबाईंनी मला फोन केला, मी वर्गशिक्षिकांना केला. त्या म्हणाल्या, "अहो, ती व्हॅनच्या रांगेत होती, मी स्वतः पाहिलंय." काकांचा फोन कोणी उचलत नव्हतं.

अशी पस्तीस मिनिटं गेली.

उरलेली मुलं सोडून काकांनी व्हॅन घरासमोर लावली आणि ते जेवायला आत गेले. समोरच्या इस्त्रीवाल्या दादांना काचेवर थापा ऐकू आल्या. मार्चचं ऊन, काचा बंद. ती घामाने निथळत होती, रडून आवाज बसला होता. काका तिला उचलून धावतच आमच्याकडे घेऊन आले आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. डॉक्टरांना लगेच दाखवलं. ती ठीक आहे.

रात्री तिने मला विचारलं, "आई, मी झोपले म्हणून सगळे रडत होते का?"

आता अडचण अशी. शाळा म्हणते, व्हॅन ही पालकांची खासगी व्यवस्था, आमचा संबंध नाही. व्हॅनच्या चौदा घरांच्या ग्रुपवरचे बाकीचे पालक म्हणतात, तक्रार करू नका, व्हॅन बंद झाली तर आमची मुलं कशी जाणार? काका चार वर्षं आमच्याकडे येतात, माणूस खरंच चांगला आहे. त्यांच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. पण गप्प बसले तर उद्या दुसऱ्या कोणाचं मूल मागे राहील.

तक्रार करावी का, आणि कोणाकडे? शाळेची जबाबदारी खरंच नसते का? आणि मुलीला घाबरवून न टाकता काय शिकवू?

चहाबिस्कीट
ताई, वाचून अंगावर काटा आला. त्या इस्त्रीवाल्या दादांना आमचाही नमस्कार सांगा.

फळा_खडू
मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे. आमच्या शाळेच्या परिवहन समितीचं काम काही वर्षं माझ्याकडेच होतं.

"आमचा संबंध नाही" हे उत्तर मान्य करू नका. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही त्यात असतो. मुलांची ने-आण सुरक्षित होते की नाही हे पाहणं हेच समितीचं काम. गाडीत मदतनीस हवा, मुली असतील तर बाई हव्यात. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडवे गज, वेगनियंत्रक हवेत. मुलांची यादी गाडीत हवी : नाव, इयत्ता, पत्ता, रक्तगट, उतरण्याचं ठिकाण. तुमच्या व्हॅनमध्ये ती यादी असती आणि कोणी ती हातात धरून नावं घेतली असती, तर त्या पस्तीस मिनिटांतलं एकही मिनिट तुमच्या वाट्याला आलं नसतं.

हे नियम कोणाच्या सहज मनात आले म्हणून झालेले नाहीत. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली. मग सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसवर मदतनीस, ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, जड वाहन चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक, अशा अटी घातल्या. मी नोकरीत असताना प्रत्येक नव्या वर्गशिक्षिकेला हे सांगत असे.

मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. तोंडी बोलू नका. पत्रात काकांवर आरोप नको, घडलं ते वेळेसह लिहा आणि समितीची बैठक मागा. पोहोच घ्यायला विसरू नका, शिक्का मारून.

संत्रा_बर्फी
नागपूरहून लिहितोय. आमच्याकडे २०१२ मध्ये एक लहान मुलगा स्कूल बसच्या चाकाखाली गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली आणि ते प्रकरण कितीतरी वर्षं चाललं. तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम आहे. गाडीतून उतरलं की आधी मोठी पाच पावलं बाजूला, मग काय बोलायचं ते बोला. बाटली चाकाजवळ पडली तर वाकायचं नाही, काकाला सांगायचं. बाटली शंभर रुपयांत येते. पोरीला हेही शिकवाच, कारण चढता-उतरतानाचा धोका झोपण्यापेक्षा रोजचा आहे. दप्तराचा बंद दारात अडकतो, ड्रायव्हरला आरशात पोरगं दिसत नाही, अन् गाडी निघते.

घाटवाट
एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. व्हॅनची नंबर प्लेट कुठल्या रंगाची आहे?

धागाकर्ती
घाटवाट, लक्षात नाही. संध्याकाळी बघून सांगते.

पिवळी_पाटी
मी नाशिकला दोन शाळेच्या गाड्या चालवतो, परवान्याच्या. आमच्या बाजूनेही कोणीतरी बोलावं म्हणून लिहितो.

काकांची चूक झाली, त्यात वाद नाही. शेवटचं मूल उतरलं की चालकाने मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखाली वाकून बघायचं, मगच गाडी लॉक करायची. मी रोज करतो. रिकाम्या गाडीत कधी टिफिन सापडतो, कधी स्वेटर. एकदा मूलही सापडलं होतं. तेव्हापासून एकही दिवस चुकवला नाही.

पण पालकांना विनंती आहे. मदतनीस मावशी ठेवायची तर तिला पगार द्यावा लागतो. जूनमध्ये भाव ठरवताना दोनशे रुपयांसाठी लोक दुसऱ्या व्हॅनकडे जातात. ती व्हॅन स्वस्त का पडते? मावशी नाही आणि मुलं जास्त कोंबलेली, म्हणून. मग आम्हीही मावशी कमी करतो. दुसरं म्हणजे, "काका, पाच मिनिटं थांबा, शूज घालतोय." असे पाच गेट झाले की पंचवीस मिनिटं जातात आणि ती भरून काढायला चालक गाडी पळवतो. मूल गाडी यायच्या आधी खाली हवं. आणि मूल येणार नसेल, किंवा फक्त जाताना नाहीतर फक्त परत येताना येणार असेल, तर आदल्या रात्री नाहीतर सकाळी सहाच्या आत कळवा. तुमच्या बाबतीत नेमकं तिथेच बिनसलं, ताई. तुम्ही ते स्वतःहून लिहिलंत, म्हणून बोलायचं धाडस केलं.

दोहाकर
मी कतारमध्ये आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथे अल वक्राला चार वर्षांची भारतीय मुलगी बालवाडीच्या बसमध्ये झोपली, बस लॉक झाली आणि ती गेली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. सरकारने ती बालवाडी बंद केली. इथल्या प्रत्येक भारतीय घरात त्या आठवड्यात जेवण गेलं नव्हतं.

तुमची मुलगी ठीक आहे. तरीही पत्र द्या. आपल्याकडे उन्हाळा आताच सुरू झालाय आणि उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

बालवाडीताई
मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, बाकी सगळं नंतर. "तू झोपलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. मोजायचं काम मोठ्यांचं होतं, मोठे विसरले." हे एकदा सांगून भागत नाही. आठवडाभर रोज सांगा. तिने तो खेळ पुन्हा पुन्हा मांडला, बाहुलीला डब्यात बंद केलं, तर थांबवू नका. मुलं अशीच भीती बाहेर काढतात.

मग खेळातूनच हॉर्न शिकवा. गाडीत कोणी नाही, दार उघडत नाही, तर पुढच्या सीटवर जायचं आणि हॉर्नवर दोन्ही हात ठेवून दाबून धरायचं, कोणी येईपर्यंत. काचेवर थापा मारण्यापेक्षा तो आवाज लांब जातो. किल्ली काढल्यावरही काही गाड्यांचा हॉर्न वाजतो, काहींचा नाही. तुमच्या व्हॅनमध्ये स्वतः करून पाहा. सहा वर्षांच्या हातांना तो दाबताही यायला हवा, काही हॉर्न फार कडक असतात. आई-बाबांचे दोन्ही नंबर तोंडपाठ करून घ्या, गाण्याच्या चालीवर लवकर होतात.

साधा_माणूस
माझं मत वेगळं आहे. आरटीओकडे गेलात तर गाडी जप्त होईल, चौदा घरांची पंचाईत होईल आणि काकांचं घर उघड्यावर येईल. माणसाने रडून माफी मागितली आहे. इतकं ताणू नका.

धागाकर्ती
साधा_माणूस, तुमचं म्हणणं माझ्या मनातही तीन दिवस होतं, म्हणूनच इथे विचारलं.

पण घाटवाट, आज गेटवर उभी राहून नंबर प्लेट पाहिली. पांढरी आहे. चार वर्षं रोज सकाळी मी तिच्यासमोर उभी राहते, मुलीला टाटा करते. एकदाही पाहिली नव्हती.

घाटवाट
तीच भीती होती. पांढरी प्लेट म्हणजे खासगी नोंदणी. त्या गाडीने पैसे घेऊन मुलं न्यायची परवानगीच नाही. भाड्याच्या वाहनाची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, कारण विमा खासगी वापराचा असतो. मग उपचारांचा खर्च कोणी द्यायचा यावर वर्षानुवर्षं कोर्ट. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका, फिटनेस आणि विम्याची मुदत दोन मिनिटांत दिसते.

साधा_माणूस, काकांच्या घराची काळजी मलाही आहे. पण उद्या काही झालं तर सगळ्यात आधी आत जाणारा माणूस तोच असेल. त्यालाही हे कोणीतरी नीट समजावून सांगितलं पाहिजे.

फळा_खडू
घाटवाट यांचं बरोबर आहे. पत्रात प्लेटचाही उल्लेख करा. अशा गाड्या गेटवर उभ्या राहतात हे शाळेला दिसतं, त्यामुळे समितीला तो विषय टाळता येणार नाही.

धागाकर्ती
दहा दिवसांनी लिहितेय. ज्यांनी ज्यांनी वेळ काढून लिहिलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

मुख्याध्यापकांना पत्र दिलं, पोहोच घेतली. आधी तेच उत्तर मिळालं. मी २०११ च्या नियमांची प्रत सोबत नेली होती, ती पुढे ठेवल्यावर सूर बदलला. समितीची बैठक शनिवारी झाली. शाळेच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक व्हॅनचा परवाना, विमा आणि फिटनेस समिती पाहणार, आणि सुटताना एक शिक्षिका यादीवरून मुलं गाडीत बसवणार, असं इतिवृत्तात आलं आहे. पालक प्रतिनिधीची जागा रिकामी होती. मी नाव दिलं.

काकांना आम्ही चौघं पालक घरी जाऊन भेटलो. कोणी आवाज चढवला नाही. ही गाडी पाच वर्षांपूर्वी जुनी घेतली तेव्हा "शाळेसाठी चालते" असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, असं ते म्हणाले. आता त्यांनी गाडी बंद ठेवली आहे आणि परवान्याची गाडी घेण्यासाठी कर्जाची चौकशी चालू आहे. आमच्यातल्या नऊ घरांनी दोन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायचं ठरवलं. मावशींच्या पगारासाठी महिन्याला अडीचशे रुपये जास्त द्यायलाही नऊ घरं तयार आहेत. बाकीची पाच घरं दुसऱ्या व्हॅनकडे गेली. त्या व्हॅनची प्लेटही पांढरीच आहे, मी त्यांना फोन करून सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं.

मुलगी परवा बाहुलीला म्हणत होती, "मोजायचं काम मोठ्यांचं असतं." बालवाडीताई, हे तुमच्यामुळे.

आता एक छोटी मदत. सकाळी नवरा तिला स्कूटरवर सोडतो, तिच्या मापाचं हेल्मेट घेतलं आहे. दुपारची सोय मात्र अजून लागलेली नाही, सासूबाईंना रोज रिक्षाने जाणं झेपत नाही. वाकड ते चिंचवड मार्गावर पिवळ्या प्लेटची, मावशी असलेली आणि दुपारी साडेबाराला सुटणाऱ्या शाळेसाठी एक जागा रिकामी असलेली गाडी कोणाच्या माहितीत असेल, तर इथे कळवा. काकांची नवी गाडी येईपर्यंतच हवी आहे.