गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच का?

कंबरेच्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकली की दोन टोकाची मतं ऐकू येतात: "एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकलेली दिसली ना, मग ऑपरेशन उरकून टाका" आणि "पाठीला सुरी लावूच देऊ नका". दोन्ही घाईची आहेत. कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचा एमआरआय काढला तरी 'डिस्क बल्ज' (गादी फुगलेली) असं बऱ्याचदा लिहून येतं. म्हणून रिपोर्टआधी पायांची ताकद बघा.

भिंतीचा आधार घेऊन टाचांवर दहा पावलं चाला. एका पायाचा चवडा खाली पडत असेल तर एल४ किंवा एल५ची शीर दबत असावी. मग एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला. जमलं नाही तर संशय एस१वर, म्हणजे एल५च्या खालच्या शिरेवर. ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. पायात नुसती कळ असेल तर औषधं, फिजिओ आणि बेताची हालचाल यांना ६ ते १२ आठवडे द्यावेत; सरकलेला तुकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो.

एका बाबतीत मात्र वाट बघायचीच नाही. सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर रात्री दोन वाजता का होईना, इमर्जन्सी गाठा. इथे तासांचा हिशेब असतो. ४८ तासही ढिलाईच.

आणखी एक: मायक्रोडिस्केक्टॉमीने (छोट्या छेदातून गादीचा सरकलेला तुकडा काढण्याच्या ऑपरेशनने) पायातली कळ जाते तशी नुसती कंबरदुखी जात नाही. सर्जनला विचारा, "कोणती शीर, कोणत्या बाजूची?" दाब डावीकडे आणि कळ उजव्या पायात असेल, तर आधी दुसरं मत घ्या.