मदत हवी आहे : डी वाढलं की दम्याचा पंप सुटतो का?

जास्वंद_कोथरूड
लेकाचं व्हिटॅमिन डी १४ आलंय. दमा ॲलर्जीचा, धूळ बाधते. डॉक्टरांनी डी च्या पावडरीचे सॅशे लिहून दिलेत. नणंद म्हणते, डी कमी म्हणून प्रतिकारशक्ती कमी, आणि म्हणूनच दमा. डी भरून निघालं की पंप लागत नाही. खरं आहे का? हो की नाही एवढंच सांगा, थंडी तोंडावर आलीये. आणि कृपया 'डॉक्टरांना विचारा' नको, त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

अडगुलं_मडगुलं
वय? १४ कुठल्या एककात? सॅशे किती युनिटचं? पंप रोजचा की धाप लागल्यावरचा?

जास्वंद_कोथरूड
वय ८. रिपोर्टवर १४ च्या पुढे एनजी का काहीतरी आहे. पंप म्हणजे पंप हो, सगळ्यांना देतात तो.

लेस्टरची_काकू
एनजी, म्हणजे नॅनोग्रॅम, असेल तर अडीचने गुणा, म्हणजे आमच्या इकडच्या, इंग्लंडच्या एककात ३५. कमीच आहे. इथे ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच रोज ४०० युनिट घ्यावं असं सरकारच सांगतं. ऊन कुठलं आलंय!

कोवळं_ऊन
गोळ्या, सॅशे सगळा धंदा. सकाळी सातला मुलाला गच्चीत बसवा, फुकट डी.

अडगुलं_मडगुलं
@कोवळं_ऊन, सातच्या उन्हात डी तयार करणारे अतिनील किरण नावालाच असतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं. बंद काचेतून तर तेही नाही.

कोवळं_ऊन
आमच्या आजोबांनी कधी डी मोजलं नाही. ९० वर्षं जगले.

अडगुलं_मडगुलं
आजोबा भर दुपारी उघड्या अंगाने शेतात असणार. त्याला कोवळं ऊन म्हणत नाहीत.

पेशीवाली
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. नणंदबाईंचं गणित उलटं आहे. या दम्यात प्रतिकारशक्ती कमी नसते, नको तिथे तापलेली असते. गादी-उशीतल्या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेवर टीएच-२ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) खवळतात आणि आयएल-४, ५, १३ हे निरोप देणारे रेणू सोडतात. ४ मुळे आयजी-ई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, ५ मुळे इओसिनोफिल या सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, १३ मुळे चिकट कफ. यांना आवरतात नियामक टी पेशी, त्यांचं एक हत्यार आयएल-१०, तोही निरोप देणारा रेणू, पण शांत करणारा. डी इथे येतं. त्याचं सक्रिय रूप मूत्रपिंडातच नाही, रोगप्रतिकारक पेशींतही तयार होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की स्टिरॉइडला (सूज उतरवणाऱ्या औषधाला) दाद न देणाऱ्या दमेकऱ्यांच्या पेशी डी दिल्यावर पुन्हा आयएल-१० बनवू लागतात. तेव्हा नणंदबाई अगदीच हवेत बोलत नाहीयेत. पण ते झालं पेशींचं, मुलाचं नव्हे.

जुना_दमेकरी
तेच तर! मला ६०,००० चे सॅशे सुरू केले आणि दमा गेला. स्वानुभव.

पेशीवाली
त्याच सुमारास आणखी काही बदललं होतं का?

जुना_दमेकरी
घर बदललं. जुन्या घरात भिंतींना ओल होती. पण फरक सॅशेनेच पडला.

अडगुलं_मडगुलं
😀 असो. माणसांवरच्या चाचण्या बघा. अमेरिकेत ६ ते १६ वर्षांची, दम्याची आणि ३० एनजीच्या खाली डी असलेली मुलं घेतली. निम्म्यांना रोज ४,००० युनिट, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी, ४८ आठवडे. दम्याचे मोठे झटके कमी झाले नाहीत. निकाल २०२० चा. मोठ्यांवरच्या २०१४ च्या चाचणीतही फारसं हाती लागलं नव्हतं. चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात फायदा दिसला होता, २०२३ च्या सुधारित आढाव्यात तो उरला नाही. डी भरून काढाच, १४ हे हाडांसाठीही कमी आहे. पण पंपाऐवजी नाही. रोजचा पंप चालू आहे ना?

जास्वंद_कोथरूड
रोजचा गणपतीनंतर थांबवला, खोकला नव्हता. धाप लागल्यावरचा निळा आहे घरात. पण मुद्दा तो नाहीये, मी डी चं विचारतेय. सॅशे आठवड्याला एक, ६०,००० चं. शिवाय नणंदेने रोजचे थेंब दिलेत, तेही डी चेच.

पेशीवाली
थेंब आजच बाजूला ठेवा. डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं : उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडावर ताण.

अडगुलं_मडगुलं
आणि मुद्दा तोच आहे, ताई. निळा फक्त नळ्या मोकळ्या करतो, आतली सूज तशीच राहते. सूज आवरतो तो रोजचा. खोकला नव्हता कारण तो पंप चालू होता.

मृगाचा_मासा
हैदराबादला मृगाला जिवंत माशातून औषध देतात, तीन वर्षं ओळीने घ्यायचं. माझे मेहुणे जाऊन आलेत.

लेस्टरची_काकू
मेहुण्यांचा पंप सुटला का?

मृगाचा_मासा
पंप आहे. पण श्रद्धा हवी.

तुरटी
अवांतर : सॅशे दुधातून द्यायचं की पाण्यातून? आमचा बोका दुधाला तोंड लावतो.

कोवळं_ऊन
दमेकऱ्याच्या घरात बोका??

जास्वंद_कोथरूड
विषय भरकटवू नका. दवाखान्यात फोन केला, रोजचा पंप लगेच सुरू करा म्हणाले, थेंब बंद. स्पेसरमधूनच (पंपाला जोडायची पोकळ नळी) द्या असंही म्हणाले. आम्ही थेट तोंडातच देत होतो. कोथरूडमध्ये कुणाकडे जास्तीचा स्पेसर आहे का?

अडगुलं_मडगुलं
थेट दिलं की बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच राहतं. आणि स्पेसर दुसऱ्याचा मागू नका, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. आठ वर्षांच्या मुलाला मास्कचा नको, ओठांत धरायचा घ्या. पंप झाला की चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं.