मदत हवी आहे : ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा अडीच हजारांच्या आतला राऊटर (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी इंदिरानगरात राहते. घरी फायबरचं ५० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. संध्याकाळी दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन तास घेते. वरच्या मजल्यावरच्या दिरांनी साइटचे व्हिडिओ अपलोड करायला घेतले की माझा आवाज तुटतो आणि मुलं चॅटवर लिहायला लागतात, "मॅडम, ऐकू येत नाही." ऐन प्रमेयाच्या मध्यात असं झालं की फार जीव तुटतो.

पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजून पाहिलं. एरवी ८-१० मिलिसेकंद, अपलोड चालू असताना ४००च्या वर. म्हणजे मोठा प्लॅन घेऊन उपयोग नाही. वाटेत पॅकेट्सची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग साचते आणि माझ्या आवाजाचं छोटंसं पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे अडकतं. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राऊटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चढवायचं खुलं सॉफ्टवेअर. त्यात एसक्यूएम ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय आहे. त्यात वेगाची मर्यादा लाइनच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवली की रांग आपल्याच राऊटरवर येते आणि 'केक' ही त्यातली पद्धत तिची नीट वाटणी करते. मला हवंय ते एवढंच.

सध्याच्या राऊटरला कंपनीचे अपडेट येणं कधीच थांबलंय. त्यात ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ एमबी रॅम, त्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्या त्यावर बसतच नाहीत. नवा घ्यायचा तर निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हवी, हे वाचलंय. ब्रॉडकॉमची वायफाय चिप टाळायची हेही कळलंय, कारण तिच्यासाठी खुल्या ड्रायव्हरांचा आधार तोकडा आहे.

अडलंय ते पुढेच. टीपी-लिंकचा आर्चर सी६ बजेटमध्ये बसतो, पण एकाच नावाखाली आत वेगवेगळं सामान असतं. व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप आणि बहुतेक देशांत ८ एमबी फ्लॅश, व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची एमटी७६२१ आणि १६ एमबी. ऑनलाइन पानावर व्हर्जन लिहिलेलं नाही. एमजी रोडवर एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळे सारखेच, सील तोडलं तर परत घेणार नाही." पैसे देण्याआधी व्हर्जनची खात्री कशी करायची? आणि याच किमतीत दुसरा कुठला राऊटर कुणी स्वतः वापरलाय का?

प्रतिसाद

ताई, सील तोडायची गरज नाही. खोक्याच्या बाजूला बारकोडचं स्टिकर असतं, त्यावर मॉडेलच्या नावाशेजारी 'व्हर' आणि आकडा छापलेला असतो. दुकानदाराला त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. आकड्याबरोबर कंसातलं देशाचं अक्षरही बघा आणि दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर टेबलशी (चालणाऱ्या मॉडेलांच्या यादीशी) ताडून पाहा. तंतोतंत तोच आकडा तिथे नसेल तर घेऊ नका. "जवळपास तोच आहे" म्हणून चुकीची फाइल चढवली की राऊटर निकामी होऊ शकतो.

एमटी७६२१ला ५० एमबीपीएसवर एसक्यूएम जड जात नाही. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर परत घेण्याची अट आधी वाचा, कारण हातात कुठलं व्हर्जन पडेल ते खोकं आल्यावरच कळतं.

आता बसवताना. पहिल्यांदा 'फॅक्टरी' फाइल चढवायची, 'सिसअपग्रेड' नंतरच्या अपडेटसाठी. सुरुवातीला वायफाय बंदच असतं, त्यामुळे लॅन केबल जवळ हवी. माझी एक अख्खी रात्र वाया गेली ती वेगळ्याच कारणानं : ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि माझ्या फायबरच्या डब्याचाही तोच! नेट चालेना. लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ केला, लगेच सुरू झालं. तुमच्या डब्याचा पत्ता आधीच बघून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. आमच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१च निघाला, आत्ताच पाहिलं. स्टिकरचा फोटो उद्या सकाळी मागवते, आला की इथे आकडा लिहीन. एक विचारायचं राहिलं : दिरांना सेटिंगचं पान मराठीत दिसलं तर बरं होईल. लुसीचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगच्या पानांचं, मराठी भाषांतर आहे असं दिसतंय. ते कुणी रोज वापरतं का, आणि एसक्यूएमचं पानही त्यात मराठीत येतं का?