बी विंगच्या पार्किंगमधलं लाल तेल
(सुदामानगर, इंदूर : सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी : सगळ्यांना नमस्कार. बी विंगला खांबाजवळ तेल सांडलंय. झाडूवाल्या मावशी आत्ता पडता पडता वाचल्या. कोणाची गाडी आहे त्यांनी बघावं. फोटो टाकलाय.

ए-१०३ आजोबा : एसीचं पाणी असेल. उन्हाळा आहे.

सेक्रेटरी : आजोबा, पाणी लाल कुठून असणार?

बी-२०२ मंदार : ताई, माझी इनोव्हा आहे. सॉरी, भुसा टाकून पुसून घेतो. वळवताना कूंऽऽ आवाज येतच होता, आता स्टेअरिंगही जड लागतंय. काल एका गॅरेजवाल्याला दाखवली, तो खाली वाकला न वाकला नि म्हणाला, स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा खालचा दांडा गेलाय, पूर्ण बदलावा लागेल. आकडा ऐकून तसाच परत आलो. शनिवारी आई-बाबा नि आत्याला घेऊन ओंकारेश्वर ठरलंय. आठल्येकाका, तुम्ही बघाल का?

सी-३०१ आठल्ये : बघतो. पण रॅकचं नाव आत्ताच काढू नकोस. आधी पांढऱ्या कागदावर दोन थेंब घे नि बोटाने चोळून बघ. बोनेट उघडून स्टेअरिंग ऑइलची डबीही बघ.

मंदार : लालसर, तेलकट. पुढच्या चाकाच्या थोडं मागे पडतंय. डबीत ‘मिन’च्या खुणेच्याही खाली गेलंय आणि वर फेस आहे.

आठल्ये : मग स्टेअरिंगचंच. तुमच्या टोयोटात कूलंटही गुलाबी-लाल असतं, म्हणून बोटाने बघायला सांगितलं. ते पाण्यासारखं पातळ, गोडसर वासाचं. हे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, स्टेअरिंगलाही तेच; डेक्स्रॉन हा त्याचा प्रकार. फेस म्हणजे तेल कमी झाल्यावर पंप हवा ओढतोय, आवाज त्याचाच. पंपाला वंगणही तेच तेल, तेव्हा असाच फिरवत राहिलास तर पंपही जाईल. गाडी आता हलवू नकोस.

बी-४०१ : माझ्याकडे ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आहे, तात्पुरतं ते टाका की.

आठल्ये : अजिबात नाही! ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, यातल्या सीलना ते चालत नाही. रबर फुगून मऊ पडेल, मग खरोखरच रॅक नि पंप दोन्ही बदलत बसा. आणि ती उघडी बाटली ब्रेकलाही घालू नका, हवेतला ओलावा ओढून बसलेली असेल.

बी-४०१ : बरं 🙏 माझ्या स्विफ्टचं काही बघायला हवं का?

आठल्ये : तुमच्या गाडीत स्टेअरिंगला मोटर आहे, तेलच नाही.

आठल्ये : मंदार, आता नीट वाच. तेल जिथे टपकतं तिथूनच गळतंय असं समजायचं नाही. ते पाइपवरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडतं आणि शेवटी रॅकवर येऊन थेंब धरतं. म्हणून खालून बघणाऱ्या प्रत्येकाला रॅकच दिसतो. थोडं डिझेल फडक्याला लावून डबी, दोन्ही पाइप, पंप, रॅक सगळं पुसून कोरडं कर. इंजिन गार असताना. मग डबीत डेक्स्रॉनच भर. चाकांना दगडाची उटी लाव, इंजिन चालू कर, घरातल्या कोणाला तरी स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग. टोकाला धरून ठेवायचं नाही, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. तू बाजूला उभा राहून टॉर्चने बघ. पहिला ओलावा सगळ्यात वर कुठे येतो तेवढंच शोधायचं. पाइपला हात लावून चाचपू नकोस, प्रेशर लाइनला बारीक छिद्र असेल तर तेल कातडीत घुसतं.

आठल्ये : आणि रॅकच्या टोकांचे रबरी बूट, म्हणजे घड्यांची टोपणं, इंजिन बंद करून दाबून बघ. आत तेल डचमळलं तर रॅकचं सील गेलं. आतून कोरडे असतील तर गॅरेजवाल्याचं ऐकू नकोस.

(संध्याकाळी)

मंदार : काका, सापडलं!! तेल डबीत परत आणणारा रिटर्न पाइप जिथे लोखंडी नळीवर चढतो, तिथे क्लिपच्या खाली रबर तडकलंय. फिरवलं की बारीक रेघ सुटते नि पाइपभर ओघळून रॅकवर जाते. बूट फक्त बाहेरून ओले, आतून कोरडे ठणठणीत.

आठल्ये : शाब्बास. रबर उष्णतेने कडक झालंय, नुसती क्लिप आवळलीस तर तडा वाढेल. पाइपच बदल, पण साधा पाण्याचा रबरी पाइप नको, गरम तेलात फुगतो. देवास नाक्याकडे जा, ट्रकची कामं होतात तिथे. जुना पाइप सोबत ने, आतला व्यास मोजून तेल सोसणारा मिळेल. दोन्ही क्लिपाही नव्या घे. चहा-पोह्याच्या पैशात येतील.

सी-१०२ काकू : एवढ्याशा पाइपसाठी रॅक बदलणार होते?

आठल्ये : वहिनी, प्रेशर पाइप गेला असता तर खर्च आला असता. तो जागेवर जोडत नाहीत, दाबाचा पाइप क्रिंप करून, म्हणजे टोकाला धातूची टोपी मशीनने दाबून घ्यावा लागतो, तांब्याचे वॉशरही नवे लागतात. याचं नशीब की कमी दाबाच्या बाजूला फाटलं.

मंदार : पाइप बसवला की लगेच चालवू?

आठल्ये : थांब. हवा काढायची असते. पुढची चाकं जॅकवर उचल, स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नकोस. इंजिन बंदच ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना हळूहळू फिरवत राहा, डबी बघत. लेव्हल उतरेल, भरत जा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तसंच. फेस दिसला तर बंद कर, तासभर बसू दे. दुसऱ्या दिवशी गार गाडीवर लेव्हल ‘कोल्ड’च्या खुणेला बघ, आणि खाली पुठ्ठा टाकून ठेव म्हणजे रात्रीत थेंब पडला तर कळेल.

(शुक्रवारी)

मंदार : पुठ्ठा कोरडा! आवाज गेला, स्टेअरिंग लोण्यासारखं. लेव्हलही हलली नाही.

आठल्ये : उरलेली डेक्स्रॉनची बाटली डिकीत टाक. भेरूघाटाआधी सिमरोलला थांबून बोनेट उघडून त्या क्लिपकडे एकदा बघून घे.

मंदार : काका, तुम्हीही चला ना. एक जागा आहे.

आठल्ये : कुठली? मागची असेल तर नको, गुडघे आहेत.