मदत हवी आहे: कोरगाल्झिन (कझाकस्तान), पक्षी पाहायला मे की जून?

माळटिटवी

नमस्कार मंडळी. अस्तानाच्या नैर्ऋत्येला कोरगाल्झिन नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या पुढे त्याच नावाचं अभयारण्य. तिथे पक्षी पाहायला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: दोघं नवराबायको, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. मुलीची शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे मेचा पहिला आठवडा किंवा जूनचा पहिला आठवडा एवढेच पर्याय आहेत. दुर्बिणी ८×४२ आहेत, स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) नाही. प्रश्न असे:

१. मे की जून?
२. अस्तानाहून एका दिवसात जाऊन येता येईल का? बऱ्याच सहल कंपन्या तसंच विकतात.
३. अभयारण्याचा परवाना कुठे काढायचा?
४. जेवणाचं काय?

गवताळ

जून. आपल्याकडे मे म्हणजे भर उन्हाळा, तिथे मेच्या सुरुवातीला रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो. बर्फ वितळून नुरा नदी फुगलेली असते आणि डांबर संपलं की पुढच्या कच्च्या वाटा बहुतेक बंद. ट्युलिप पाहायचे असतील तरच मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटा सुकलेल्या असतात आणि कोविल गवत पिसाऱ्यावर आलेलं असतं. आपल्या माळावरच्या कुसळीची आठवण होते, फक्त इथे प्रत्येक कुसळाला वीतभर लांब पांढरं पीस फुटलेलं असतं. वारा आला की सगळा माळ एका दिशेने वाहताना दिसतो. कुसळं मोज्यात मात्र कुसळीसारखीच घुसतात, तेव्हा गुळगुळीत कापडाच्या पँटी न्या, लोकरी मोजे नकोत.

एका दिवसाची सहल करू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. अंतर सुमारे १३० किलोमीटर, रस्ता डांबरी, दोन-अडीच तास. सकाळी आठला निघालेली गाडी साडेदहाला पोचते आणि तेव्हा माळावर उन्हाच्या लहरी सुरू झालेल्या असतात. तळ्यापलीकडचे रोहित (फ्लेमिंगो) म्हणजे थरथरणारी गुलाबी रेघ, बाकी काही कळत नाही. २०२४च्या मार्चपासून अख्खं कझाकस्तान एकाच वेळेवर आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. त्या घड्याळाने जूनमध्ये पहाटे चारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री साडेआठनंतर सूर्य मावळतो. पक्ष्यांच्या वेळा चार ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. त्या फक्त गावात मुक्काम करणाऱ्यालाच मिळतात. दुपारी अकरा ते चार झोपा काढा.

नुराकाठ

परवान्याचं सांगते. गावातच अभयारण्याचं माहिती केंद्र आहे, पासपोर्ट घेऊन तिथे जायचं. शुल्क दर डोई दर दिवस, आणि ते सरकारच्या मासिक निर्देशांकाला बांधलेलं असल्याने दरवर्षी बदलतं. जुन्या धाग्यांवरचे आकडे धरून हिशेब करू नका. पैसे रोख तेंगेत (तिथलं चलन) ठेवा. तिथे दुकानापासून टॅक्सीपर्यंत सगळे कास्पी ॲपवर देतात-घेतात, पण ते स्थानिक खात्याशिवाय चालत नाही आणि आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. गावात लागतील तेवढे पैसे अस्तानातच काढून घ्या.

मुख्य अभयारण्य गावापासून पुढे आहे. कराझारची चौकी सुमारे ४० किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता. आत वनरक्षक किंवा वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. गाडी ‘बुखान्का’ किंवा ‘निवा’ घ्या. बुखान्का म्हणजे पावाच्या लादीसारखी दिसणारी ती जुनी उंच व्हॅन, निवा म्हणजे छोटी रशियन जीप. शहरातली सेडान पाऊस नसेल तर कशीबशी जाते, पण तासभर सर आली की तिथली चिकणमाती साबणासारखी होते. चाकाच्या कमानीत माती थापली जाऊन चाक फिरायचंच थांबतं, मग फावड्याने खरवडत बसावं लागतं. ठरवतानाच विचारून घ्या: चारही चाकांना जोर आहे का, फावडं आणि टोचणदोर आहे का, आणि पावसामुळे जाता आलं नाही तर पैशांचं काय.

माळटिटवी

खूप आभार. सासूबाईंना बुखान्काचा त्रास होईल का? आणि स्कोप नसला तर चालेल?

नुराकाठ

होईल. बसण्याची जागा उंच, पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी आणि मागच्या चाकावर बसलं तर पाठीला चांगलेच दणके. त्यांना पुढे चालकाशेजारी बसवा, घडीचं छोटं स्टूल सोबत ठेवा. खरं तर कराझारला एकच दिवस जा आणि त्या दिवशी त्यांना गावातच राहू द्या. का, ते गवताळ सांगतीलच.

गवताळ

हो, कारण यातला सर्वात मोलाचा पक्षी गावाच्या वेशीवर आहे. सोशिएबल लॅपविंग, आपल्या टिटवीची भाऊबंद, जगभरात अति संकटग्रस्त. हिला आखूड गवत लागतं. पूर्वी सायगा हरणांचे कळप ते चरून ठेवायचे, आता ते काम गावची गुरंमेंढरं करतात. म्हणून तिची घरटी गावाभोवतीच्या चराऊ पट्ट्यात सापडतात, आत खोल माळावर नाही. गुरांच्या खुराखाली अंडी फुटतात, हा तिच्यावरचा मोठा धोका, आणि तीच गुरं नसती तर ती तिथे राहिलीच नसती. यातल्या काही हिवाळ्यात गुजरात-राजस्थानपर्यंत येतात. भोरडीचंही (गुलाबी मैना) तसंच: आपल्या ज्वारीवरून एप्रिलमध्ये उठलेले थवे याच बाजूच्या माळांवर घरटी करतात. कांड्या करकोचाही तिथे जोडीने भेटेल.

पद्धत अशी: पहाटे साडेचारला गावाबाहेर पडा, चालत. रुळलेली चाकोरी सोडू नका. दर दोनशे पावलांवर थांबून दुर्बिणीने जमिनीलगत सावकाश पाहा. नर ओळखायला पोटावरचा काळा-तांबूस डाग आणि कपाळावरून मागे जाणारी पांढरी भुवई. जूनच्या सुरुवातीला पिल्लं असतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला तर तुम्ही फार जवळ गेलात, आल्या वाटेने मागे फिरा. फोटोसाठी पुढे सरकू नका, पिल्लं गवतात दबून बसतात आणि पायाखाली येतात. हे मुलीला आधीच समजावून ठेवा.

स्कोप मात्र हवाच, भाड्याने मिळाला तरी चालेल. रोहित किनाऱ्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटर लांब असतात. अभयारण्यातलं तेंगिझ हे खारं तळं आहे, त्यातल्या आर्टेमिया कोळंबीवर ते जगतात आणि आतल्या बेटांवर वीण करतात. जगातल्या सर्वात उत्तरेकडच्या वसाहतींपैकी ही एक. तिथे कुणालाही नेत नाहीत आणि नेऊही नये. २०-६० पटींचा स्कोप आणि जड तिपाई न्या. हलकी तिपाई वाऱ्याने इतकी थरथरते की ३० पटींच्या पुढे काही दिसत नाही. तिपाईच्या मधल्या आकड्याला दोन लिटरची पाण्याची बाटली टांगा.

भिगवणची सवय असेल तर एक सांगून ठेवतो: इथे नावेतून जवळ जाणं नाही. आणि तळ्याकाठची पांढरी खडखडीत दिसणारी जमीन म्हणजे मिठाची पापडी. खाली काळा चिखल असतो, पाय पोटरीपर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. गवत संपलं की थांबायचं.

तव्यावरची

जेवणाचा भाग माझ्याकडे. गावात घरगुती मुक्काम असतो, तीन वेळचं जेवण धरूनच भाव ठरतो. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. कोंबडी आणि सॉसेज हे कित्येकांच्या लेखी ‘मांस’ नसतंच, आणि सूप हाडांच्या पाण्यावर केलेलं असतं. रशियनमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या सांगा: बेझ म्यासा (मांस नको), बेझ कुरित्सी (कोंबडी नको), बेझ कल्बासी (सॉसेज नको), बेझ बुल्योना (हाडांचं पाणी नको). कागदावर लिहून आदल्या दिवशी द्या, ऐनवेळी सांगितलं तर घरच्या बाईची पंचाईत होते.

मिळेल काय: पाव, बाउरसाक (तळलेले फुगीर गोळे), बटाटा, अंडी, काकडी-टोमॅटो, ग्रेच्का म्हणजे कुट्टूचे दाणे, स्मेताना म्हणजे आंबट साय, त्वोरोग म्हणजे आपल्या छेन्याच्या जवळचं. कुर्त हे वाळवलेल्या दह्याचे खारट, दगडासारखे गोळे. चघळायचे, चावायचे नाहीत, सासूबाईंचे दात सांभाळा. ‘मांती’ मोदकासारखी दिसते, पण आत बहुधा मांस असतं.

घरून न्यायचं: मेतकूट, दाण्याची चटणी, भाजून ठेवलेला सांज्याचा रवा, थेपले. ग्रेच्का आणि मेतकूट हे मऊ भातासारखं छान लागतं. पाणी अस्तानातून पाच लिटरचे कॅन घ्या, चौघांना तीन दिवसांना सहा कॅन. वीज २२० व्होल्ट, पण आपली तीन जाड पिनांची प्लग बसत नाही, दोन गोल पिनांचं जोडपिन घ्या.

संडास बऱ्याच घरांत अंगणात असतो. सासूबाईंसाठी आत संडास असलेलं घर आहे का, ते आधी विचारा आणि विजेरी उशाशी ठेवा.

नुराकाठ

डास राहिले. जूनमध्ये बोरूच्या कडेला ते ढगासारखे उठतात, वारा पडला की जास्त. डीट ३० टक्क्यांचं औषध आणि डोक्यावर जाळीची टोपी. गोचिडीही असतात: पँट मोज्यात खोचा, रोज रात्री काखा, गुडघ्यामागे आणि केसांत पाहा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी काही लावू नका. गावाबाहेर फोनला रेंज नसते, टूजीआयएस या ॲपचे नकाशे आधी उतरवून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०३.

भारतीय पासपोर्टला १४ दिवस व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत एकूण ४२ दिवसांपर्यंत.

माळटिटवी

मग असं ठरवतेय: अल्माटीला उतरून रात्रीच्या रेल्वेने अस्ताना, तिथून गाडीने कोरगाल्झिन, तीन रात्री. पहिली पहाट वेशीवर, दुसऱ्या दिवशी कराझार, तिसरी पहाट पुन्हा वेशीवर, चौथ्या दिवशी सकाळी निघून त्याच संध्याकाळी अस्तानाहून अल्माटीचं विमान.

गवताळ

दोन बदल करा. कराझार पहिल्याच दिवशी ठेवा. पाऊस लागला तर दुसरा-तिसरा दिवस हाताशी राहतो, वेशीवरची पहाट कधीही करता येते. आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, एक रात्र अस्तानात काढा. जूनमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, आणि तुमच्या सामानात ओले, मातीने भरलेले बूट चार जोड असणार आहेत.